करमुक्त देश, तालुका भोकरदन

आखातात जाऊन आलेली माणसं प्रवासवर्णनं लिहितात. मी आखातातच राहते आणि पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आले, म्हणून हे लिहिते आहे. दुबईतल्या उंच इमारती, वाळवंटातली जीपची चक्कर आणि सोन्याचा बाजार यांबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. पिंपळगावला त्या मानाने कोणी जात नाही. तरी तो मुलूख पाहण्यासारखा आहे, विशेषतः ज्यांना कर भरायचा कंटाळा आहे त्यांनी.

हे २००६ सालच्या भाद्रपदातलं.

निघण्याचं कारण

सकाळी काकांचा फोन आला. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, दादाराव. गावात त्यांचं नाव मोठं आहे आणि आवाज त्याहून मोठा.

"स्मिता, अभिनंदन! तुला नोटीस आली!"

"कसली नोटीस?"

"इन्कम टॅक्सची! मोठं पाकीट हाय. सगळं इंग्रजीत हाय!"

मला घाम फुटला. पलीकडून काकांचा आनंद मात्र कमी होईना. आमच्या घराण्यात आजवर कोणाला अशी नोटीस आली नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मागचं थोडं सांगते. मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत पंपांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचं काम करायची. पप्पा गेले, आई माझ्या भावाकडे शारजाला आली आणि तिच्यामागे मीही आले. कंपनीचे मालक म्हणाले, "ड्रॉइंग इंटरनेटवर पाठवत जा, पगार चालू राहील." पगार जमा व्हायचा भोकरदनच्या बँकेत, कारण नोकरी लागली तेव्हा काकांनी हौसेने माझं खातं तिथे उघडलं होतं. "मॅनेजर आपला माणूस हाय," हे त्याचं कारण.

म्हणजे मी बसणार शारजाला, काम पुण्याचं, पैसा भोकरदनला. इथे प्राप्तिकर नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे. तेव्हा आपल्याला कर नाही, असं मी ठरवलं. कंपनीच्या अकाउंटंटनेही तेच ठरवलं आणि पगारातून काही कापलं नाही. त्याला दुबई आणि शारजा एकच वाटत होतं आणि मला कायदा म्हणजे ऐकीव गोष्ट वाटत होती. असा आमचा दोघांचा मिळून एक कायदा झाला होता. पुढे कंपनीची तपासणी झाली, त्यात माझं नाव निघालं आणि पॅनकार्डावरच्या पत्त्यावर, म्हणजे काकांच्या घरी, ते पाकीट पोचलं.

त्या खात्यातल्या पैशांना एक काम होतं. औरंगाबादला आईसाठी दोन खोल्या. ती भावाच्या घरी सुखात होती, पण पाहुण्यासारखी बसायची. फ्रिज उघडण्याआधी वहिनीकडे बघायची. मला तिच्यासाठी तिचा स्वतःचा फ्रिज हवा होता. आता कर आणि दंड मिळून त्यातलं किती खाणार, हे मला कळत नव्हतं.

"काका, ती नोटीस फॅक्स करता? नाहीतर कुरिअर?"

"येडी का तू? हरवली मंग? असली गोष्ट दुसऱ्यांदा येती काय?"

म्हणून मी निघाले.

औरंगाबाद ते भोकरदन

विमान, मुंबई, रात्रीची गाडी हे सोडून देते. औरंगाबादहून भोकरदनच्या एसटीत मला खिडकी मिळाली. बाहेर मका डोक्याएवढा वाढलेला होता आणि कपाशीला फुलं धरली होती. शारजात हिरवा रंग नळीने पाणी घालून राखतात आणि त्याच्याभोवती कुंपण घालतात. इथे तो रस्त्यावर आला होता आणि त्याला बाजूला सारत एसटी चालली होती.

शेजारी एक बाई बसल्या. हातात पिशवी, पिशवीत महालक्ष्म्यांसाठी नवे खण.

"कुठून आल्या बाई?"

मी खोटं बोलू शकत नाही आणि खरं सांगायलाही लाजते. "शारजाहून. दुबईजवळ."

"दुबई! सोन्याचा काय भाव हाय तिथं?"

"मला माहीत नाही."

त्यांनी माझे कान पाहिले, गळा पाहिला, मनगटं पाहिली. मग पलीकडच्या बाईंकडे वळून, मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाल्या, "दुबईला राह्यते म्हनती, अन् सोन्याचा भाव माहीत न्हाई. धुणीभांडी करत असंल, बिचारी."

उरलेला प्रवास त्या माझ्याशी फार मायेने वागल्या. सिल्लोडला त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि पैसे काढू दिले नाहीत.

भोकरदनच्या स्टँडवर काका जीप घेऊन उभे होते. पांढरे कपडे, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी मला अर्ध्यातच उभं केलं आणि पानटपरीवाल्याला दाखवलं.

"आमची पुतणी. नोटीस आली ती हीच."

"कशाची नोटीस दादाराव?"

"इन्कम टॅक्सची!"

"वा!" टपरीवाला म्हणाला. पान लावता लावता थांबून त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं.

गावापर्यंत जीप चार ठिकाणी थांबली. खतांच्या दुकानापाशी, जे काकांचं आहे. मंगल कार्यालयापाशी, जे काकांचंच आहे. डिझेल घ्यायला. आणि रस्त्याच्या कामावर, जिथे काकांचे दोन टिप्पर मुरूम टाकत होते. प्रत्येक ठिकाणी माझी ओळख झाली. तोवर मला कळून चुकलं होतं की या भागात नोटीस येणं म्हणजे सरकारने आपली दखल घेणं. नोकरी लागणं, निवडून येणं आणि नोटीस येणं, असा चढता क्रम होता.

पिंपळगाव: महालक्ष्म्या

घरी पोचले तेव्हा महालक्ष्म्या बसल्या होत्या. कोकणात आणि पुण्यात यांना गौरी म्हणतात, पण आमच्याकडच्या महालक्ष्म्या माणसाएवढ्या उभ्या असतात. लोखंडी अडणीवर साड्या नेसवलेल्या, पितळी मुखवटे, वर करंज्या-सांजोऱ्यांचा फुलोरा टांगलेला. समोर धान्याच्या राशी, लाडू, फळं. ज्याच्या घरी जे सोनंनाणं असेल तेही देवीपुढे मांडतात. काकूच्या पाटल्या होत्या, चांदीचा करंडा होता, नव्या ट्रॅक्टरची किल्ली होती. आणि मधोमध, नारळाला टेकून, माझी नोटीस उभी होती.

तिच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लावलेली होती.

"काकू, हे काय?"

काकू पदराने घाम पुसत म्हणाली, "लक्ष्मीचाच कागद हाय ना माय? तुहे काका म्हनले, मांड."

"मला तो हवाय. उत्तर द्यायचंय. जालन्याला जायचंय."

"आता कसा घेशील? एकदा मांडलेलं उठवायच्या आधी हलवत न्हाईत. परवा उठतील बाया. मंग ने."

मी काही बोलले नाही. माझं हे नेहमीचंच. शाळेत नन विचारायच्या, "एनी डाउट्स?" आणि मी मान हलवायची. डाउट्स घरी यायचे. आताही मी मान हलवली आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी होकार असा घेतला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला गावच्या बायका आल्या. देवीला नमस्कार करायच्या, फुलोरा बघायच्या, मग वाकून नोटीस बघायच्या. वाचता कोणाला येत नव्हती, पण वरचा सिंहांचा शिक्का सगळ्यांना ओळखीचा होता. एका आजींनी तिलाही हात जोडले. एक बाई काकूला हळूच म्हणाली, "पोरीचं बघून राह्यले का कुठं? मह्या भाच्याला दाखवा. परतूरला दुकान हाय." नोटिशीमुळे माझं स्थळ वधारलं होतं. डिग्रीने जे सात वर्षांत झालं नव्हतं ते एका पाकिटाने एका संध्याकाळी केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं. पुरणपोळी, कटाची आमटी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, कढी, भजी. आंबील मी लहानपणी नाक धरून प्यायची. या वेळी तीन वाट्या घेतल्या. शारजात सगळं मिळतं, पण आंबील मिळत नाही, आणि मिळाली तरी तिथल्या एसीत ती आंबेल असं वाटत नाही.

पुरुषांच्या पंगतीत मी वाढत होते. चर्चा माझ्यावरच चालली होती, आणि मी तूप घेऊन समोर उभी असल्यामुळे त्यात काही फरक पडत नव्हता.

रस्त्यांची कामं घेणारे एक गुत्तेदार होते, काकांचे दोस्त. ते म्हणाले, "पण दादाराव, दुबईत टॅक्स नसतो म्हनतात. मंग हिला कामून?"

"तेच तर! अन्याय हाय हा!"

"तुमी शेती दाखवा ना. शेतीला टॅक्स न्हाई."

"शेतीच दाखवायची," दुसरे म्हणाले. हे दवाखानेवाले डॉक्टर होते.

"बिलकुल. मी तर पहिल्यापासून शेतीच दाखवतो," तिसरे म्हणाले. यांचे क्लासेस होते.

मी वाढत वाढत पंगतीच्या टोकापर्यंत गेले. डॉक्टरांचा दवाखाना शेतीत होता. क्लासेस शेतीत होते. गुत्तेदारांचे रस्ते शेतीत होते, आणि त्यांवरून जाताना तसं वाटायचंही. काकांचं खताचं दुकान, मंगल कार्यालय आणि दोन टिप्पर हे सगळं मळ्यातल्या मिरचीला लागलेलं होतं. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तो खऱ्या शेतकऱ्याला दिलासा म्हणून. या पंगतीत बारा जण बसले होते आणि दिलासा सगळ्यांना मिळाला होता.

"हिच्या बापाला कव्हाच जमलं न्हाई," काका म्हणाले. "मास्तर होता. पगारातून कापून जायचा, वर मार्चमध्ये बसून फारम भरायचा. मी म्हनायचो, भाऊ, कामून भरून राह्यला? तर म्हने, कापतात म्हणून. भोळा माणूस."

सगळे हसले. मायेनेच हसले. मी तुपाची वाटी गुत्तेदारांच्या पोळीवर जरा जास्त वाकवली. ते नको नको म्हणत राहिले आणि मी त्यांना शेतकरी समजून वाढत राहिले.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. काकूने नोटीस काढून माझ्या हातात दिली. हळद, कुंकू, चिकटलेले दोन तांदूळ, आणि जिथे रक्कम छापली होती नेमका तिथे आंबिलीचा डाग.

जालना

जालन्याला मी एकटी जाणार होते. काका म्हणाले, "एकटी पोरगी सीएकडं कशी जाईल?" आणि जीपमध्ये पुढे बसले. शारजाहून पिंपळगावपर्यंत एकटी आलेली पोरगी मागे बसली.

सीए म्हणजे संगीता खरात. औरंगाबादच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. मूळची परतूरची. घरात पहिली शिकलेली, आणि बोलायला कधीच न लाजणारी. आम्ही एकत्र राहिलो ते त्यामुळेच असेल. दोघींचं मिळून ती बोलायची. बियाणांच्या दुकानांच्या ओळीत वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. खाली पोती चढवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू होता.

तिने नोटीस उजेडात धरली.

"स्मिते, हिची आरती केली का?"

"केली," मी म्हणाले.

"प्रसाद काय होता?"

"मॅडम," काका मध्येच म्हणाले, "हिला टॅक्स लागतच न्हाई. ही दुबईत बसती."

"शारजा," मी म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

संगीताने पेन खाली ठेवलं. "काका, ती कुठं बसते हे एक झालं. पैसा पहिल्यांदा कुठं उतरला हे दुसरं. कुठं उतरला?"

"आपल्या भोकरदनला!" काका अभिमानाने म्हणाले.

"मंग झालं की. ती परदेशात राहते म्हणून तिथं मिळालेला पैसा आपण विचारत नाही. पण जो पैसा भारतातच हातात पडला, तो भारतातच मोजला जातो. तिला चंद्रावर बसून ड्रॉइंग काढू द्या."

"पगार शारजाच्या बँकेत घेतला असता तर?" मी विचारलं.

"तर आज मी तुला फुकट चहा पाजला असता."

"आणि आता?"

"आता पण पाजते. पण फी घेते."

म्हणजे मॅनेजर आपला माणूस होता म्हणून मला कर लागला होता. मी काकांकडे पाहिलं. त्यांना हा भाग समजला नाही, किंवा समजला असेल तर दिसू दिला नाही. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"मॅडम, आपण मिरची दाखवू."

"कोणाची मिरची?"

"आमची. दोन एकर हिच्या नावानं दाखवू."

"दाखवू म्हणजे? सातबाऱ्यावर हिचं नाव आहे?"

"नाव न्हाई. पण आपलीच पोरगी हाय ना."

"काका, पुण्याची पंपाची कंपनी दर महिन्याच्या एक तारखेला हिला मिरचीचा पगार देती का?"

काका हसले. हरल्यावर ते मोठ्याने हसतात. संगीताने आकडेमोड केली आणि कागद फक्त माझ्याकडे सरकवला. कर, व्याज, थोडा दंड. मी आईच्या खोल्या डोळ्यांसमोर आणल्या. दोनातली एक गेली होती. स्वयंपाकघर आणि त्यातला फ्रिज.

"भरून टाक," संगीता हळू आवाजात म्हणाली. "पुढचा पगार तिकडं घे. झोप लागंल."

निघताना तिने नोटिशीची झेरॉक्स काढून घेतली. झेरॉक्समध्ये हळद-कुंकवाची बोटं काळी उमटली होती. आता ती कोणा गुन्हेगाराचे ठसे घेतल्यासारखी दिसत होती.

मळा

येताना जीपमध्ये काका म्हणाले, "ती पोरगी नवी हाय अजून. आपल्याकडं दुसरा माणूस हाय, जुना. तू फकस्त एक सही कर. दोन एकर तू कसायला घेतली, त्यात मिरची झाली, एवढंच. कंपनीचं तो बघंल काय लिहायचं ते. तुहा खर्चा वाचंल. तुह्या मायच्या घराचे पैसे हायेत ना ते?"

त्यांना ते आठवत होतं, हे मला लागलं. काका वाईट नाहीत. माझी एक खोली वाचवायची त्यांची इच्छा खरी होती. सही केली की कागदोपत्री मी शेतकरी होणार होते आणि आईचा फ्रिज वाचणार होता. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. रात्री जेवताना मी काही बोलले नाही, आणि घरात सगळ्यांनी माझा होकार धरला.

सकाळी काका मला मळा दाखवायला घेऊन गेले. वाटेत मिरचीचा बाजार भरला होता. आमच्या गावचा मिरचीचा बाजार लांबलांबचे व्यापारी ओळखतात. हिरव्या मिरचीचे ढीग, पोती, ट्रक, आणि हवेत असा ठसका की मला लागोपाठ शिंका सुटल्या. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "दुबईवाल्या बाईला लागली." नोटीसवाल्या बाईऐवजी दुबईवाली म्हणाला, याचंच मला बरं वाटलं.

मळ्यात पोचलो. कागदावर ही मिरची एक खताचं दुकान, एक मंगल कार्यालय आणि दोन टिप्पर पोसते. दुष्काळाच्या वर्षी तर ती जास्तच पिकते, कारण त्या वर्षी रोजगार हमीची कामं निघतात आणि टिप्परला उसंत नसते. प्रत्यक्षात विहिरीजवळ मिरचीचा एक तुकडा होता. पानं वळलेली, मध्ये मध्ये झाडं सुकलेली. चार बाया वाकून तोडत होत्या. पलीकडे सगळा मका.

"इथून तिथपर्यंत तुहे दोन एकर," काका हात पसरून म्हणाले. "लावू तुह्या नावानं. मी उद्या त्या माणसाला बोलावतो."

मी त्या हाताच्या टोकाकडे बघितलं. मला आठवलं की पप्पा सुट्टीत आम्हाला इथेच आणायचे आणि बांधावर बसून गाईडमधली गणितं सोडवायला लावायचे. ते गेल्यावर या जमिनीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. आईने विचारलं नाही, भावाला वेळ नव्हता, आणि मी मान हलवली होती.

"काका," मी म्हणाले, "नाव लावायचंच तर खरंच लावू या ना."

"म्हंजे?"

"यात पप्पांचा हिस्सा आहे. आई, दादा आणि मी. आमची नावं सातबाऱ्यावर लावू. मग मिरची विकली तर माझं उत्पन्न खरोखर शेतीचं होईल. त्यावर टॅक्स लागणार नाही. तुम्ही म्हणता तसंच."

मी हे एवढंच बोलले, आणि इतक्या हळू की मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पण मिरची तोडणाऱ्या बायांपैकी एक सरळ उभी राहिली.

काकांचा हात अजून पसरलेला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला. खिशातला एक मोबाइल काढून पाहिला, ठेवला, दुसरा काढून पाहिला. मग आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

"मी काय म्हनतो," ते म्हणाले, "टॅक्स भरलेला बरा, बाई."

"पण तुम्ही काल—"

"न्हाई, मी विचार केला. उगंच सरकारशी लबाडी कामून करायची? आपण सुशिक्षित माणसं. टॅक्स न्हाई भरला तर देश कसा चालंल? रस्ते कशानं होतील? मिलटरी कशानं चालंल? तुहा बाप बराबर होता. देवमाणूस. जल्दी भरून टाक. बिलकुल सगळा भर."

रस्त्यांचं त्यांनी नेमकं सांगितलं. त्यांच्या टिप्परची बिलं करातूनच निघतात.

दुपारपर्यंत ही बातमी गावात गेली. टपरीवर काका सांगत होते, "आपल्या घरात दोन नंबरचं चालत न्हाई. पोरगी पै न् पै भरणार." गुत्तेदार म्हणाले, "वा!" ज्या तोंडाने त्यांनी शेती दाखवा म्हटलं होतं त्याच तोंडाने.

काकूचे चार एकर

निघायच्या दिवशी काकू चुलीपुढे ठेचा कुटत होती, मला बांधून द्यायला. काका बाहेर गेलेले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मळ्यात तू काय बोललीस ते कळलं मला."

मिरची तोडणारीने सांगितलं असणार. मी तयारीत बसले. आता रागावेल असं वाटलं.

"मह्या नावावर बी हाय म्हनतात. चार एकर," ती म्हणाली. "साली दोन साली तुहे काका कागद आणतात, मी अंगठा लावते. मी सही करते म्हनलं तर म्हनतात, अंगठाच बरा, शेतकऱ्याची बाई वाटते. लई मिरची पिकवते म्हने मी."

"पाहिलीयेत का ती चार एकर?"

"कुठं हायेत त्येच माहीत न्हाई." तिने वरवंटा जोरात आपटला. "तू नाव लावायला अर्ज करशीलच ना आता? मंग महा बी उतारा काढ तिथून. मला कळू दे कुठून कुठवर हाय ते. एकदा जाऊन उभी राहीन म्हनते."

तिने ठेचा डब्यात भरला आणि मग जरा संकोचून म्हणाली, "अन् ती नोटीस ठिवून जाशील का? जालन्याच्या पोरीनं झेरॉक काढली ना? पुढच्या साली मांडायला होईल."

मी नोटीस काकूला दिली.

भोकरदन, आणि परत

जाताना भोकरदनला दोन कामं केली. बँकेत जाऊन कराचा भरणा केला. मॅनेजर, म्हणजे आपला माणूस, बदलून गेला होता. नव्या माणसाने चलन घेतलं, शिक्का मारला, एक प्रत परत दिली आणि माझ्या मागच्याला बोलावलं. एक खोली गेली त्याला इतकाच वेळ लागला. पप्पांची दर महिन्याला अशीच जात असणार, आणि घरी येऊन ते आम्हाला गणितं घालत असणार.

दुसरं काम तलाठ्याकडे. आमच्या गावचे तलाठी त्या दिवशी तहसिलीतच बसले होते. वारसांची नावं लावण्याचा अर्ज मी इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिला. पप्पांच्या मृत्यूचा दाखला मी शारजाहूनच बरोबर आणला होता. का आणला होता, ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. काकूच्या चार एकरांचा उताराही मागितला.

तलाठ्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला.

"तुमी दुबईला राहता ना? नोटीसवाल्या?"

"हो."

"तिथं राहून शेती कशाला पायजे बाई तुमाला?"

इतके दिवस मी सगळ्या प्रश्नांना मान हलवली होती.

"शेतीला टॅक्स लागत नाही म्हणून," मी म्हणाले.

तलाठी हसले. मग माझ्याकडे बघून थांबले आणि अर्जावर आवक नंबर टाकला.

काकूचा उतारा तिथेच मिळाला. चार एकर खरंच निघाले, पूर्वेच्या नाल्याला लागून. त्यात मिरची नव्हती. पिकाच्या रकान्यात पडीक लिहिलं होतं. मी फोन करून तिला नाल्याची खूण सांगितली. तिने ती खूण दोनदा म्हणून घेतली. मग म्हणाली, "तिथं सावली हाय का गं?"

शारजाला परत येऊन मी इथल्या बँकेत खातं उघडलं. पुण्याचा पगार आता इथे उतरतो. आईला मी सांगितलं की खोली एकच होईल. ती म्हणाली, एकीलाच किती लागते? अर्जाचं सांगितलं तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि वहिनीकडे न बघता फ्रिज उघडून पाण्याची बाटली घेतली.

ओळखीचे लोक भारतातून फोन करतात तेव्हा मला एक गोष्ट हमखास विचारतात: करमुक्त देशात राहणं कसं असतं? मी म्हणते, छान असतं. जेवण उत्तम, माणसं मोकळी, पाहुण्याला मान. हवेत थोडा ठसका असतो. फक्त तिथे कायमचं राहायला सातबाऱ्यावर नाव लागतं.

मी अर्ज दिलेला आहे.